मोठी फॅमिली एसयूव्ही: पारख तिसऱ्या रांगेतून करायची की स्टिअरिंगमागून?

नटबोल्ट

सात-आठ आसनी मोठ्या एसयूव्हीची पारख बहुतेक जण उलट्या टोकाने करतात. आधी इंजिन, मग स्क्रीन, मग टेस्ट ड्राइव्ह. तिसऱ्या रांगेत कोणी बसलंच तर गाडी उभी असताना दोन मिनिटं. माझं मत ठाम आहे: सुरुवात मागून करा. एवढं धूड घ्यायचं ते मागच्या माणसांसाठी आणि सामानासाठी. तिथेच गाडी नापास झाली तर पुढचं बघण्यात वेळ घालवू नका.

आधी ड्रायव्हरची सीट चालवणाऱ्याच्या उंचीला लावा. तिच्यामागे दुसरी रांग मोठ्या माणसाला नीट बसता येईल अशी लावा आणि मगच तिसरीत शिरा. दाखवायच्या गाडीत दुसरी रांग अनेकदा पुढे सरकवलेली असते, त्यामुळे मागे ऐसपैस वाटतं. बसल्यावर मांडी गादीला टेकते का ते बघा. गादी आणि फ्लोअर यांच्यात उंचीचा फरक कमी असेल तर गुडघे वर येतात, सगळा भार बुडावर पडतो आणि तासाभरात माणूस चुळबुळ करायला लागतो. लेगरूमच्या आकड्यात हे दिसत नाही. पावलं पुढच्या सीटखाली जातात का, हेडरेस्ट वर ओढल्यावर डोक्यामागे येतो का, कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) तिसऱ्या रांगेपर्यंत आहे का, हेही तिथेच बघून घ्या. लहान मूल असेल तर चाइल्ड सीट सोबत न्या. दुसऱ्या रांगेत ती बांधली की बऱ्याच गाड्यांत ती सीट दुमडता येत नाही आणि त्या बाजूने मागे जायची वाट बंद होते.

मग पेलोड, म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी किती वजन वाहू शकते. ग्रॉस वेटमधून (भरलेल्या गाडीचं कमाल वजन) कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) वजा करा. ग्रॉस ३००० किलो आणि कर्ब २४०० किलो असेल तर हातात ६०० किलो. ७५ किलोची सात माणसं म्हणजे ५२५. उरले ७५ किलो, त्यात सगळ्यांच्या बॅगा आणि नंतर लावलेले गार्ड, साइड स्टेप, कॅरिअर. कर्ब वेटमध्ये काही कंपन्या ७५ किलोचा चालक धरतात, काही धरत नाहीत. तो खुलासा आधी मागा. वजन भारी म्हणजे क्षमता भारी, असं मुळीच नाही.

सारथी

मला हे पटत नाही. तिसरी रांग बहुतेक घरांत अधूनमधून भरते, गाडी मात्र रोज कोणीतरी चालवतं. अडीच टनांची गाडी आवरत नसेल तर मागे मांडी टेकली काय नि न टेकली काय.

ड्रायव्हरच्या सीटवरून आधी दिसतं किती ते मोजा. बॉनेटसमोर मुलाच्या उंचीची वस्तू, समजा ९० सेंटिमीटरची, ठेवा आणि तिचा वरचा भाग दिसेपर्यंत ती पुढे सरकवत जा. मिळालेलं अंतर म्हणजे समोरचा आंधळा पट्टा. उंच बॉनेटच्या गाड्यांत तो बराच लांब निघतो. कॅमेरा मदत करतो, पण लेन्सवर चिखल बसला की संपलं. मग मोकळ्या, सुरक्षित जागी ६० च्या वेगातून जोरात ब्रेक मारा. नाक किती झुकतं, गाडी सरळ थांबते का, ते कळेल. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण चौपट होतं, त्यामुळे ६० ला जे अस्वस्थ वाटतं ते १०० ला धोक्याचं असतं.

आणि डिझेल घेणाऱ्यांनी वापर तपासावा. रोज पाच-सात किलोमीटर थांबत-थांबत चालवलं तर डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळी जळायला लागणारं सुमारे ६०० अंशांचं तापमान टिकत नाही. साफसफाई अर्धवट सुटत राहिली की बऱ्याच इंजिनांत ती काजळी जाळण्यासाठी सोडलेलं जादा डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वर चढते आणि ऑइल पातळ होतं. शहरात छोट्या फेऱ्या असतील तर पेट्रोल किंवा हायब्रिड.

ताटीवाला

दोघंही लक्षणं मोजताय. मूळ गाडीच्या पोटाखाली आहे. वाकून मागचा अ‍ॅक्सल बघा.

सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच दांडा) असेल तर अख्खा दांडा वर-खाली होतो, त्याला वर जागा ठेवावी लागते, म्हणून मागचं फ्लोअर उंच येतं आणि नटबोल्ट म्हणतात ते वर आलेले गुडघे तिथून येतात. २०२१ च्या शेव्हरोले टाहोला लॅडर फ्रेम (बॉडीखालची शिडीसारखी चौकट) ठेवूनच मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं असं) दिलं, फ्लोअर खाली गेलं आणि तिसऱ्या रांगेची लेगरूम सुमारे २५ सेंटिमीटरने वाढली. २०२३ ची टोयोटा सेक्वोया नेमकी उलट गेली: मागे सॉलिड अ‍ॅक्सल, आणि हायब्रिडची बॅटरी तिसऱ्या रांगेखाली. त्यामुळे ती रांग दुमडली तरी मागचं फ्लोअर सपाट होत नाही. म्हणून 'लॅडर फ्रेम म्हणजे मागे अडचण' हे सरसकट म्हणणं चूक आहे.

पार्ट-टाइम फोर बाय फोर (गरजेपुरती चारही चाकांना ताकद) असेल तर ते कोरड्या डांबरावर लावायचं नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा सेंटर डिफरन्शियल त्यात नसतो, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो फरक ट्रान्समिशनमध्ये ताण होऊन साठतो. ओल्या रस्त्यावर पाऊस असेपर्यंत सतत फोर-व्हील हवं असेल तर फुल-टाइम किंवा ऑटो मोड असलेलीच घ्या.

मीनल_७

ट्रेलर ओढायचा नाही, खडकाळ वाट नाही, मग एसयूव्हीच कशाला? त्याच लांबीच्या एमपीव्हीत (व्हॅनसारखी फॅमिली गाडी) फ्लोअर खाली असतं, बऱ्याचदा सरकते दरवाजे असतात आणि तिन्ही रांगा भरूनही मागे उभी बॅग राहते. आजी-आजोबांना गुडघ्याएवढ्या उंचीवर पाय टाकून चढवायचं आणि मग 'फॅमिली' गाडी म्हणायचं, हे मला समजत नाही. तीन रांगा वर असताना डिकीत तुमच्या स्वतःच्या बॅगा भरून बघा, बस्स.

नटबोल्ट

मीनल, ओढायचं नसेल तर तुमचं म्हणणं मान्य. पण ओढणाऱ्यांनी हे ऐका: ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० टक्के भार हुकवर येतो आणि तो पेलोडमधूनच जातो. २००० किलोचा ट्रेलर म्हणजे २०० किलो गेले. वरच्या उदाहरणातल्या ६०० चे उरले ४००. म्हणजे सात मोठी माणसं आणि ट्रेलर एकत्र जमत नाही, जाहिरातीत ओढण्याचा आकडा कितीही मोठा असो.

सारथी, ब्रेकचं पटतं, पण ती चाचणी रिकाम्या गाडीत करू नका. सहा माणसं बसवून करा. भरल्यावर मागचं सस्पेन्शन बसतं, हेडलाइटचा झोत वर उठतो आणि खड्ड्यावर बंप स्टॉपचा (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ज्याला आपटतं तो ठोकळा) धप्प आवाज येतो. रिकाम्या गाडीत यातलं काहीच कळत नाही.

सारथी

भरून करा, हरकत नाही, पण आधी रिकामीही चालवा. भार पेलायला मागच्या स्प्रिंगा कडक ठेवल्या असतील तर एकट्याने चालवताना मागचा भाग उसळतो, आणि गाडी बहुतेक दिवस तशीच चालणार आहे. टायरचा लोड इंडेक्सही वाचा: ११० म्हणजे एका टायरवर १०६० किलो, ११२ म्हणजे ११२०. नंतर दिसायला रुंद म्हणून कमी इंडेक्सचे टायर चढवले तर तुमचा पेलोडचा सगळा हिशोब कागदावरच राहतो. आणि स्पेअर पूर्ण आकाराचा आहे का, तो गाडी भरलेली असताना सामान न उतरवता काढता येतो का, हे शोरूममध्येच काढून बघा.