प्रतिसाद: सगळा दोष अंगकाठीचा नाही

शाळेचा ज्युनियर रग्बी संघ हरतोय कारण समोरची मुलं आडदांड आहेत, हा तुमचा मुद्दा मला अर्धाच पटतो. बारा-तेराव्या वर्षी एकाच वयाच्या दोन मुलांच्या वजनात भलताच फरक असतो, आणि रग्बीत तो झाकता येत नाही, हे खरं. पण स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे पुढचे खेळाडू चेंडूसाठी खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तिथे) आपली मुलं चिरडली जातात म्हणता, तर १९ वर्षांखालच्या सामन्यांत दीड मीटरपेक्षा जास्त रेटायला परवानगीच नाही. ते होत असेल तर पंचांशी बोला.

खरे गुण जातात टॅकलमध्ये, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्यात. ट्रायचे (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की) ५, कन्व्हर्जनचे (त्यानंतर लाथेने तो गोलखांबांमधून मारला की) २. म्हणजे एक सुटलेला टॅकल ७ गुणांना पडू शकतो. घाबरलेला मुलगा दुरूनच हात फेकतो, पाय जागचे हलत नाहीत. जवळ जाऊन, डोकं समोरच्याच्या पुढ्यात न नेता मागच्या बाजूला ठेवून खांदा लावला आणि त्याचे पाय हातांनी घट्ट आवळले, की धिप्पाड गडीही आडवा होतो. सरावाचा निम्मा वेळ यालाच द्या, तोही आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत.

एका गोष्टीवर मात्र तडजोड नको. खेळाडू कमी आहेत म्हणून डोक्याला लागलेल्या मुलाला ‘जरा बस, मग उतर’ म्हणू नका. मेंदूला धक्का बसल्याची नुसती शंका असली तरी त्याला लगेच बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही, असं वर्ल्ड रग्बी ही या खेळाची जागतिक संघटनाच सांगते.

प्रशिक्षक बदलायचं म्हणाल, तर निदान हंगाम संपू द्या.