बर्फ टाकलेल्या गरम पाण्याचं गणित, उत्तर ६६.७ का ५३.३?

दहावीचा बाप:
लेक दहावीला आहे, काल रात्री उष्णतेच्या धड्यावर दोघंही अडलो. ८०° चं १०० ग्रॅम पाणी, त्यात ०° चा २० ग्रॅम बर्फ टाकला तर शेवटी तापमान किती? मी म्हटलं सोप्पंय, गरम पाण्याने दिली तेवढी बर्फाने घेतली, १०० × (८० − टी) = २० × टी, आलं ६६.७. क्लासच्या नोट्समध्ये ५३.३ छापलंय. आता ती म्हणतेय बाबा तुम्हाला येत नाही. नोट्स चुकल्यात का मी? कॉमर्सवाला आहे, सांभाळून घ्या.

शिकवणीवाली ताई:
नोट्स बरोबर आहेत, तुम्ही बर्फ फुकटात वितळवलात 😄 ०° चा बर्फ आधी ०° चं पाणी होतो, तेव्हा थर्मामीटर ढिम्म हलत नाही पण उष्णता खाल्ली जाते, ग्रॅममागे ८० कॅलरी. पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात तो हाच, अप्रकट म्हणजे तापमानात दिसत नाही म्हणून. २० ग्रॅमला १६०० गेल्या. पाणी ०° पर्यंत गार होताना ८००० देतं, त्यातून १६०० वजा, उरल्या ६४००, त्या सगळ्या मिळून १२० ग्रॅम पाण्याला, ६४०० ÷ १२० = ५३.३.

आळशी इंजिनिअर:
ताईंचं बरोबर, पण हेच सूत्र डोळे मिटून वापरू नका. आता बर्फ १५० ग्रॅम घ्या. ८००० − १२००० = −४०००, भागिले २५०, उत्तर उणे १६! गरम पाणी ओतून फ्रीजर झाला की राव. खरं म्हणजे ८००० कॅलरीत १००च ग्रॅम बर्फ वितळतो, बाकी ५० ग्रॅम तसाच तरंगत राहतो आणि तापमान ०°. म्हणून आधी बघायचं सगळा बर्फ वितळतो का, मगच टी काढायचा.

शिकवणीवाली ताई:
हो हे राहिलंच. आणि एकक बघा, गणितात ज्यूल दिले असतील तर १ कॅलरी = ४.१८ ज्यूल, अर्धी पोरं इथेच आपटतात.

दहावीचा बाप:
धन्यवाद मंडळी. आत्ताच १५० ग्रॅमवालं लेकीला घातलं, तिने ऐटीत उणे १६ लिहून आणलं. १-१ बरोबरी.