एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) आहे, चालायला निघाले की पाय ओढतो. तुम्ही व्यायाम टिकवता कसा?

अकोलेकरीण: वय ३९, एमएस कळून सहा वर्षं झाली. डिसेंबरात मैदानाला दोन फेऱ्या आरामात व्हायच्या. एप्रिल लागला आणि सगळं बसलं. दहा मिनिटांत उजवा पाय ओढायला लागतो, चप्पल निसटते आणि मला कळतही नाही. मागून कुणीतरी ओरडतं, "ताई, चप्पल!" डोळ्यांपुढे धुरकट होतं ते वेगळंच. घरी सासूबाई म्हणतात, "बस वं बाई, कायले जिवाले तरास!" डॉक्टर म्हणतात, व्यायाम सोडू नका. आजार तर वाढत नाही ना यानं?

पेठेतली_पायपीट: धुरकटपणा गार झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जातो का? जात असेल तर बहुधा उकाड्याचा खेळ. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवलंय. नसांवरचं आवरण झिजलेलं, त्यात अंग अर्धा अंश तापलं तरी संदेश अडखळतात. नवीन इजा होत नाही. पण २४ तासांनंतरही त्रास तसाच राहिला तर डॉक्टरांना फोन कराच.

मला ११ वर्षं झाली. पहाटे साडेपाचला पाच मिनिटं चालते, कट्ट्यावर बसते, पुन्हा पाच. मानेवर ओला पंचा, निघण्याआधी गार पाणी. मे महिन्यात बाहेर जायचा हट्टच नाही, कूलरसमोर खुर्ची धरून ऊठबस. आणि ती चप्पल आधी टाका हो! मागे पट्टा असलेली सँडल घ्या, पाऊल उचलून धरणाऱ्या पट्ट्याचं फिजिओला विचारा.

तिचा_नवरा: माझ्या बायकोलाही एमएस आहे. ती चालायला बाहेर पडेना, तर आम्ही वर्षभर थकव्याला दोष देत होतो. एकदा चिडून हिनेच सांगितलं, लघवीची घाई होते, रस्त्यात लागली तर जाऊ कुठे? म्हणून बाहेर पडायच्या आधी पाणीच प्यायची नाही, तेही उन्हाळ्यात. आता स्वच्छतागृह असलेली बाग शोधलीय, डॉक्टरांनी गोळीही दिली. माझीही चूक होती. "राहू दे, मी आणतो" म्हणत भाजीला जाण्यापुरतं तिचं चालणं मीच बंद केलं होतं.

अकोलेकरीण: हो, अर्ध्या तासात साफ दिसतं. लघवीचं तर मी वर लिहायचंच टाळलं होतं, लाज वाटली. सासूबाईंना तो उथॉफ समजावला. पंचा भिजवून ठेवायचं त्यांनी कबूल केलंय. पहाटे उठवायचं कामही स्वतःकडेच घेतलंय, त्याची मात्र धास्ती आहे.