वार ही नुसती गाळणी नाही

कोणीतरी लिहिलंय की वार, म्हणजे गर्भाशयात बाळाला आईशी जोडणारा अवयव, गाळणीसारखी असते, लहान कण बाळाकडे जातात आणि मोठे अडतात. प्राणवायूपुरतं ते ठीक आहे, पण प्रतिपिंडांच्या, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत अजिबात नाही. आयजीजी हा प्रतिपिंड चांगला बोजड रेणू आहे, तो गाळून जाणं शक्यच नाही. त्याला वार स्वतः उचलून नेते!

आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मध्ये वारेच्या पेशींचा थर असतो. या पेशी आईच्या रक्तातले थेंब इवल्याशा पिशव्यांत ओढून घेतात. पिशवीच्या आत आम्लता वाढते, तशी तिथली एफसीआरएन नावाची ग्राही प्रथिनं आयजीजीला घट्ट धरतात. पिशवी बाळाच्या बाजूला उघडली की आम्लता जाते, पकड सुटते आणि आयजीजी बाळाकडे पोचतो. मला हे दर वेळी वाचताना थक्क व्हायला होतं. आयजीएम आणि आयजीए या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांना मात्र या वाटेनं प्रवेश नाही. आयजीए पुढे दुधातून मिळतो, तो वेगळा विषय.

ही वाहतूक मुख्यतः शेवटच्या तिमाहीत होते. पूर्ण दिवसांच्या बाळात आयजीजी आईइतका, कधी तिच्याहून जास्तही असतो. २८व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची शिदोरी अर्धवटच राहते, म्हणून अशा बाळांना संसर्गापासून इतकं जपावं लागतं. डांग्या खोकल्याची लस गरोदरपणात साधारण २७ ते ३६ आठवड्यांत देतात, तेही याच हिशोबानं.

आणि वार चांगलं-वाईट निवडत नाही. आरएच निगेटिव्ह (तांबड्या पेशींवर आरएच घटक नसलेल्या) आईचे बाळाच्या तांबड्या पेशींविरुद्धचे आयजीजीसुद्धा ती तितक्याच इमानानं पोचवते.