चार दरवाजे आणि मांडवी: माझ्या खेळाचा पहिला नमुना करून देणारा प्रोग्रामर बडोद्यात कसा शोधू?

कवड्यांची_पिशवी

नमस्कार. मी बडोद्याची, शाळेत चित्रकला शिकवायचे, आता निवृत्त. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात आजी ओसरीवर खडूने पाच बाय पाचचा पट आखायची आणि चार कवड्यांवर आम्ही पोरं दुपारभर खेळायचो. बाहेरची सोळा घरं फिरायची, एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचं नाही, मग आतली आठ घरं आणि शेवटी मधलं.

वाडा गेला तेव्हा कवड्यांची पिशवी माझ्याकडे आली. गेल्या पावसाळ्यात तोच पट कापडावर रंगवायला घेतला आणि फुल्या काढता काढता हात थांबला. चार बाजूंना चार फुलीची घरं, मधे एक. हे तर आपलं जुनं शहर! पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट असे चार दरवाजे आणि मधोमध मांडवीची जुनी इमारत. चौघं चार दरवाज्यांतून निघतात, मांडवीला पोचतात.

त्यात मी एक नियम घातला. कुणालाही आठ पडले, म्हणजे चारी कवड्या उपड्या, की दरवाजे बंद. आतल्या घरांत कुणी शिरायचं नाही. पुन्हा कुणाला चार पडले, चारी उताण्या, की उघडले. शेजारच्या मुलांना हे फार आवडतं. पण एकेक डाव दोन तास चालतो आणि मुलं अर्ध्यातून उठून जातात. कुठे अडतं ते मला कळत नाही.

मला हा खेळ फोनवर हवा आहे. धाकटी बहीण ग्वाल्हेरला असते, तिच्याशी खेळता यावा, एवढीच पहिली इच्छा. एकाला १२ हजार आगाऊ दिले. दोन महिन्यांनी त्याने तयार लुडो रंग बदलून पाठवला. फासा होता, कवड्या नव्हत्या, दरवाजे नव्हते. कोड मागितला तर आता फोन उचलत नाही. अजून २५ हजार बाजूला ठेवले आहेत, ते असे जाऊ द्यायचे नाहीत. माणूस कसा निवडू आणि त्याला आधी काय करायला सांगू?

मांजलपूरचा_टेस्टर

ताई, फोनवर दिसेल असं काही आत्ता करूनच घेऊ नका. आधी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत नुसता हिशेब करणारा प्रोग्राम करून घ्या. चित्र नाही, रंग नाही. तो तुमच्या नियमांनी हजार डाव स्वतःशीच खेळेल आणि प्रत्येक डाव किती दानांत संपला ते सांगेल. कलाभवनातला, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा दोन-तीन संध्याकाळींत करेल. जो हे मन लावून करेल, त्यालाच पुढचं काम द्या.

अडतं कुठे याचा मला अंदाज आहे. चार कवड्या सोळा प्रकारे पडतात. दोन पडायचे, म्हणजे दोन उताण्या, त्यात सहा प्रकार, एक आणि तीनचे चार-चार, चाराचा एकच आणि आठाचाही एकच. म्हणजे दरवाजे बंद झाले की उघडायला सरासरी सोळा दानं लागतात. पण हे कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरून. तिची पाठ फुगीर आणि पोट चपटं, त्यामुळे ती सारखी पडेलच असं नाही. तुमच्या त्या चार कवड्या २०० वेळा टाका आणि लिहून ठेवा.

लेखी_ठेवा

मी वकील नाही, पण सॉफ्टवेअरचे करार वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली. बाहेरच्या माणसाने लिहिलेला कोड पैसे दिले म्हणून आपला होत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क लेखी लिहून घ्यावा लागतो. त्यात मुदत घातली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर फक्त भारत. दोन्ही स्पष्ट लिहा.

खेळाच्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, म्हणून ती लपवून काही उपयोग नाही. तुम्ही रंगवलेला पट आणि तुमच्या शब्दांत लिहिलेले नियम मात्र तुमचेच. पैसे तीन टप्प्यांत द्या आणि दर टप्प्याला कोड हातात घ्या.

तिसरं_वर्ष

काकू, मी कलाभवनातच शिकतो. हिशेबाचा प्रोग्राम ३ हजारांत करून देईन, तो चालला की मगच पैसे. पुढचा खेळ गोडो या खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये करू, ते फुकट आहे आणि आपण खेळ विकला तरी गोडोवाल्यांना काही द्यावं लागत नाही. एक विचारायचं होतं: दरवाजे बंद झाले तेव्हा जी सोंगटी आधीच आत असेल, ती चालते की थांबते?

कवड्यांची_पिशवी

चालते बाळा. आत पोचलेल्याला कोण अडवणार? हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. आज सगळे नियम वहीत उतरवले, अडीच पानं झाली.

काल जेवणं झाल्यावर सतरंजीवर बसून २०० दानं टाकली. एक ६१ वेळा, दोन ७५, तीन ३६, चार फक्त ७ आणि आठ २१ वेळा. आजीच्या कवड्या उपड्याच जास्त पडतात! इतकी वर्षं हातात खेळवल्या, कधी लक्षात आलं नाही.

मांजलपूरचा_टेस्टर

मग सापडलं, ताई. बंद करणारं दान उघडणाऱ्याच्या तिप्पट वेळा पडतंय. म्हणजे डावाचा पाऊण वेळ दरवाजे बंदच राहतात. मुलं उठून जाणारच. आणि प्रोग्राममध्ये हेच आकडे घालायला सांगा. नाहीतर प्रोग्रामर कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असं धरेल आणि फोनवरचा खेळ तुमच्या ओसरीवरचा राहणार नाही.

कवड्यांची_पिशवी

दरवाजे काढायचे नाहीत, तोच माझा खेळ आहे. आता असं ठरवलं: चार पडले तर उघडतील, नाहीतर चौघांची एकेक पाळी झाली की आपोआप उघडतील. आज तिघी मुलींबरोबर खेळून पाहिलं, डाव पन्नास मिनिटांत संपला. त्यांनी लगेच दुसरा मांडला.

तिसऱ्या वर्षवाल्या मुला, रविवारी पाच वाजता सुरसागर तलावावर ये. पट, वही आणि कवड्या घेऊन येते. कागदही तयार ठेवते, मुदत आणि प्रदेश घालून. आधी एक डाव माझ्याशी खेळ, मग प्रोग्रामला हात घाल.