आईच्या दाढेचे रूट कॅनाल करायचे आहे. काय तयारी ठेवावी?

प्रश्न :
माझ्या आईच्या खालच्या दाढेत खोल कीड असून तिला रात्ररात्र ठणका लागत होता. दंतवैद्यांनी एक्स-रे काढून रूट कॅनाल सुचवले. परंतु गोळ्यांनी दुखणे थांबल्यामुळे आता उपचाराची गरज नाही, असे ती म्हणते. तिला मधुमेह आहे आणि हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. आधी कोणती काळजी घ्यावी, उपचारात कितपत दुखते आणि नंतर त्रास किती राहतो, हे कृपया सांगावे.

उत्तर १ :
मी दंतवैद्य आहे. ठणका थांबला म्हणजे दाढ बरी झाली, असे आईंनी कृपया समजू नये. आतली नस मृत झाली की वेदना आपोआप शमते, मात्र जंतू मुळाच्या टोकातून हाडात पसरत राहतात; आणि मृत नसेला रक्तपुरवठाच नसल्यामुळे पोटात घेतलेले औषध तिथवर पोहोचत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नका. या उपचारात रक्तस्राव अगदी थोडा होत असल्यामुळे ती सहसा थांबवावी लागत नाही. मात्र चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दंतवैद्यांना दाखवा. शक्यतो सकाळची वेळ घ्या आणि नेहमीचा नाश्ता व मधुमेहाचे औषध घेऊनच जा, कारण उपाशीपोटी साखर एकदम उतरू शकते.

खालच्या दाढेची नस फार सुजलेली असेल तर पहिल्या इंजेक्शनने भूल पुरेशी चढत नाही, असे कधीकधी घडते. अशा वेळी सहन करत न बसता हात वर करावा. भूल वाढवता येते. दाढेभोवती रबराचा पडदा लावण्याचा आग्रह अवश्य धरा, कारण त्यामुळे बारीक उपकरणे आणि जंतुनाशक द्रव घशात जात नाहीत. खालच्या दाढेच्या मुळांत नस असलेल्या बहुधा तीन, कधीकधी चार नलिका असतात. त्या स्वच्छ करून गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरल्या जातात. हे काम एका किंवा अधिक बैठकांत होते.

बधिरपणा दोन-तीन तास टिकतो. तोवर काही चावू नये, अन्यथा गाल किंवा ओठ चावला जातो. चावताना काही दिवस दुखणे स्वाभाविक आहे. आईंना आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर देऊ नका, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. सूज वाढणे, ताप येणे, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास होणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी दाखवा.

उत्तर २ :
माझ्या अनुभवात भूल चढल्यावर दुखले नाही, पण तोंड उघडे ठेवून जबडा फार अवघडला. मधे विश्रांती मागून घ्यावी. शेवटी दाढेवर बसवायच्या कॅपचा, म्हणजे टोपणाचा, खर्च बहुधा वेगळा असतो, म्हणून एकूण रक्कम सुरुवातीलाच विचारा.

प्रश्नकर्ती :
मनःपूर्वक आभार. आई आता दाढ काढूनच टाकू म्हणते. तिच्या प्रकृतीला ते सोपे जाईल का?

उत्तर १ :
उलट दाढ काढताना उघडी जखम होते, त्यामुळे रक्तस्रावाची आणि मधुमेहात जखम उशिरा भरण्याची चिंता अधिक असते. दाढेचा पुरेसा भाग शिल्लक असेल तर ती वाचवणेच मी सुचवेन. मात्र नलिका भरल्यानंतर कॅप लांबणीवर टाकू नका. आधीच पोखरलेली दाढ कॅपशिवाय चावताना मुळापर्यंत तडकली, तर ती काढण्यावाचून सहसा पर्याय उरत नाही.