अनेक उपग्रहांनी मिळून एकाच फोनला सिग्नल देणे कितपत शक्य आहे?

प्रश्न: अभियांत्रिकी_शेवटचेवर्ष

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हा विषय घेतला आहे: सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरच्या दोन किंवा अधिक उपग्रहांनी एकाच वेळी, एकाच साध्या मोबाईलकडे तोच सिग्नल पाठवायचा. सारख्या शक्तीचे दोन सिग्नल फेज (लहरीच्या चढउताराची स्थिती) जुळून आले, तर फोनला मिळणारी शक्ती दुप्पट नव्हे तर चौपट होते, म्हणजे ६ डेसिबलचा फायदा होतो. दहा उपग्रह असतील तर ती शंभरपट होते. एवढा लाभ दिसत असूनही बहुतेक यंत्रणांत एका फोनशी एका वेळी एकच उपग्रह संपर्क ठेवतो. अडचण घड्याळांची आहे, कक्षेची आहे, की आणखी कशाची? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: तरंगलांबी

आपला हिशेब बरोबर आहे, मात्र ‘फेज जुळून आले’ या तीन शब्दांतच सारी किंमत दडलेली आहे. २ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १५ सेंटिमीटर असते. फेजची चूक तिच्या दहाव्या भागात ठेवायची, तर अंतर दीड सेंटिमीटरपर्यंत आणि वेळ ५० पिकोसेकंदांपर्यंत (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख-कोटीवा भाग) अचूक हवी. उपग्रह सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर वेगाने धावत असतो. डोक्यावरून फोनपर्यंत सिग्नल पोहोचायला १.८ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात तो १४ मीटर पुढे सरकलेला असतो. ही गती नियमबद्ध असल्यामुळे तिचा अंदाज आधी बांधता येतो, पण तो अंदाज सेंटिमीटरपर्यंत बरोबर यावा लागतो.

फेजच्या आधी आणखी दोन गोष्टी जुळवाव्या लागतात. क्षितिजाजवळ २ गिगाहर्ट्झला डॉप्लर सरक (गतीमुळे वारंवारतेत पडणारा फरक) ४५ किलोहर्ट्झच्या पुढे जाते, आणि एक उपग्रह उगवता व दुसरा मावळता असेल तर दोघांची सरक उलट दिशांनी होते. एलटीईच्या (४जी मोबाईल तंत्राच्या) दोन उपवाहकांमधले, म्हणजे सिग्नल ज्या शेजारच्या वारंवारतांवर विभागून पाठवला जातो त्यांच्यातले अंतर अवघे १५ किलोहर्ट्झ असते, हे लक्षात घ्यावे. दुसरी गोष्ट विलंबाची. डोक्यावरचा उपग्रह ५५० किलोमीटरवर असताना ३० अंशांवरचा सुमारे ९९० किलोमीटरवर असतो. दोन्ही सिग्नलांत जवळजवळ दीड मिलिसेकंदाचे अंतर पडते आणि एलटीईची सायक्लिक प्रीफिक्स (उशिरा आलेला सिग्नल सामावून घेण्यासाठी ठेवलेली मोकळीक) केवळ ४.७ मायक्रोसेकंदांची असते. या दोन्ही दुरुस्त्या उपग्रहावर आधीच करता येतात, पण त्या जमिनीवरच्या एका ठिकाणापुरत्याच बिनचूक असतात. तिथून एक किलोमीटर बाजूला गेले तरी विलंबातला फरक जवळजवळ ३ मायक्रोसेकंदांनी बदलू शकतो.

उत्तर: खोडदचा_वाटसरू

वरच्या उत्तरात एक महत्त्वाची भर घालतो. दोन उपग्रह १०० किलोमीटर अंतरावर असतील, तर त्यांच्या सिग्नलांच्या व्यतिकरणातून जमिनीवर तीव्र आणि क्षीण असे आळीपाळीचे पट्टे तयार होतात आणि २ गिगाहर्ट्झला एका तीव्र पट्ट्यापासून पुढचा तीव्र पट्टा सुमारे ८० सेंटिमीटरवर येतो. फोन हातात धरून एक पाऊल टाकले की पट्टा बदलला. तेच दोन उपग्रह १०० मीटरवर आणले, तर हे अंतर ८०० मीटरच्या पुढे जाते. म्हणून फेज जुळवण्याचा विचार एकमेकांच्या जवळ उडणाऱ्या उपग्रहांच्या थव्यापुरताच करावा, असे माझे ठाम मत आहे. असे थवे निव्वळ कल्पनेतले नाहीत. टेरासार-एक्स आणि टॅनडेम-एक्स हे जर्मन रडार उपग्रह २०१० पासून काही शेकडो मीटर अंतर राखून, एकमेकांना संकेत पाठवून फेज जुळवत आले आहेत. आणि इस्रोच्या स्पाडेक्स मोहिमेतील दोन उपग्रह १६ जानेवारी २०२५ रोजी कक्षेत एकमेकांना जोडले गेले.

आपण पाठवण्याची बाजू निवडली आहे. ग्रहण करण्याची बाजू पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. त्यांचे सिग्नल प्रकाशीय तंतूवाटे एका जागी आणून, आकाशातल्या ज्ञात रेडिओस्रोताकडे पाहून फेज सुधारली जाते आणि मग बेरीज होते. अनेक उपग्रहांनी फोनचा सिग्नल टिपून भूस्थानकाकडे उतरवला, तर तिथेही फेज मागाहून जुळवता येते. त्यासाठी खाली उतरवण्याच्या दुव्याची क्षमता बरीच वाढवावी लागेल, हे खरे. पण फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॉट असते, म्हणजे दुबळी बाजू तीच आहे, आणि प्रत्येक डेसिबलचे मोल तिथेच अधिक आहे.

उत्तर: पाऊसपाणी

फेज न जुळवताही सहकार्याचा पुष्कळ लाभ मिळतो, हे इथे नोंदवणे आवश्यक वाटते. समजा, झाडे किंवा इमारतींमुळे प्रत्येक उपग्रह २० टक्के वेळ अडतो आणि दोघांचे अडणे एकमेकांवर अवलंबून नाही. तर दोन्ही एकदम अडण्याची वेळ ४ टक्क्यांवर येते. त्यासाठी पिकोसेकंद लागत नाहीत, दोन्हीकडे तोच डेटा तयार असला की पुरते.

पावसाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. १२ गिगाहर्ट्झच्या आसपास पाऊस सिग्नल खातो, आणि तो पाऊस जमिनीपासून साधारण ५ किलोमीटर उंचीच्या आत असतो. डोक्यावरच्या उपग्रहाचा सिग्नल पावसातून ५ किलोमीटर येतो, तर ३० अंशांवरच्या उपग्रहाचा १० किलोमीटर. कोकणात दिवसभर लागलेल्या पावसात दोन्ही मार्ग सारखेच भिजतात. तिथे दुसऱ्या उपग्रहापेक्षा अधिक उंचावरचा उपग्रह निवडणे हिताचे. वळवाच्या सरीच्या कडेला असताना मात्र दुसरी दिशा खरोखर मोकळी सापडू शकते.

प्रश्नकर्ता: अभियांत्रिकी_शेवटचेवर्ष

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रकल्प आता फोनकडून येणाऱ्या सिग्नलापुरता ठेवतो: तीन उपग्रह, एक भूस्थानक. फेजची चूक संगणकीय प्रतिकृतीत कशी दाखवावी?

उत्तर: तरंगलांबी

प्रत्येक उपग्रहाला शून्य सरासरीची, गाउसीय वितरणाची स्वतंत्र चूक द्यावी. तिचे प्रमाण विचलन (चुकीच्या फैलावाचे माप) एक रेडियन, म्हणजे सुमारे ५७ अंश असेल, तर फेज जुळल्यामुळे मिळणारी जादा शक्ती सुमारे ३७ टक्क्यांवर येते. अर्ध्या रेडियनला ती सुमारे ७८ टक्के टिकते. आलेख अर्ध्या रेडियनच्या खालून सुरू करून दोन रेडियनपर्यंत न्यावा, म्हणजे साध्या बेरजेहून अधिक असा फायदा कुठे संपतो ते स्पष्ट दिसेल.